हीलियमकडे २, मॅग्नेशियमकडेही २ : मग एक वायू आणि एक धातू कसा?

खडूफळा (धागाकर्ता)

शाळेत घोकून घेतला जाणारा नियम सगळ्यांना पाठ असतो. बाह्यतम कवचात १ ते ३ इलेक्ट्रॉन असले की धातू, ४ ते ७ असले की अधातू, ८ म्हणजे राजवायू. सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम, ऑक्सिजन एवढ्यांवर तो नीट चालतो, कारण उदाहरणं नियमाच्या सोयीनेच निवडलेली असतात. आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवर लागला की पंचाईत सुरू होते:

हायड्रोजन : १. अधातू.
हीलियम : २. राजवायू. बेरिलियम आणि मॅग्नेशियमही २, पण धातू.
बोरॉन : ३. धातुसदृश. त्याच्याच खालचं ॲल्युमिनिअम ३, चोख धातू.
कार्बन : ४, अधातू. त्याच गणात खाली कथिल आणि शिसं, दोघांचेही ४, दोन्ही धातू.
बिस्मथ ५, पोलोनियम ६. तरी धातू.

"अपवाद आहेत, पाठ करा" हे उत्तर मला नको आहे. दहावीच्या मुलाला पटेल असं एखादं कारण आहे का, ज्यातून ही यादी आपोआप निघेल? समीकरणं नकोत, आकडे चालतील.

नागमोडी

एका कारणाने भागत नाही, दोन लागतात. पण दोन्ही दहावीत सांगता येतात. पहिलं, केंद्रकाची बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर पकड किती. दुसरं, अणूला शेजारी किती आणि त्या सगळ्यांना पुरतील एवढे इलेक्ट्रॉन आहेत का. पुस्तकं पहिल्यावर थांबतात आणि सगळे अपवाद दुसऱ्यात दडलेले असतात.

आधी पकड. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ स्लेटरने १९३० मध्ये दिलेली रीत कागदावर दोन मिनिटांत होते. बाहेरच्या एका इलेक्ट्रॉनवर बोट ठेवा. त्याच कवचातला बाकीचा प्रत्येक इलेक्ट्रॉन केंद्रकाचा ०.३५ एवढा प्रभार झाकतो, लगेच आतल्या कवचातला प्रत्येक ०.८५, आणि त्याहून खोल असलेला प्रत्येक पुरता १. बेरीज करून अणुअंकातून वजा करायची.

सोडियम (२, ८, १): बाहेर दुसरा कोणी नाही. ८ × ०.८५ = ६.८, खोलचे २, एकूण ८.८. उरले ११ − ८.८ = २.२.
मॅग्नेशियम (२, ८, २): ०.३५ + ८.८ = ९.१५. उरले २.८५.
सिलिकॉन (२, ८, ४): ३ × ०.३५ + ८.८ = ९.८५. उरले ४.१५.
क्लोरीन (२, ८, ७): ६ × ०.३५ + ८.८ = १०.९. उरले ६.१.
अरगॉन : ६.७५.

डावीकडून उजवीकडे प्रत्येक घराला पकड ०.६५ ने वाढते. केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण सोबत आलेला इलेक्ट्रॉन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा झाकतो. कवच तेच, ओढ मात्र वाढती, म्हणून अणू आकसत जातो आणि इलेक्ट्रॉन सुटेनासा होतो. प्रत्यक्ष मोजलेली पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा (किलोज्यूल प्रति मोल): सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनिअम ५७८, सिलिकॉन ७८७, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरीन १२५१, अरगॉन १५२१.

गणितात मुलं हमखास दोन ठिकाणी चुकतात. ज्याच्यावर बोट ठेवलं तो इलेक्ट्रॉनही झाकणाऱ्यांत मोजतात, मग क्लोरीन ५.७५ येतं. आणि पहिल्या कवचातल्या जोडीला ०.३५ लावतात, तिथे ०.३० धरायचं असतं, म्हणून हीलियम २ − ०.३० = १.७०.

चकाकी

नागमोडी, हीलियम १.७ आणि मॅग्नेशियम २.८५? मग मॅग्नेशियमची पकड जास्त झाली की!

नागमोडी

हे आकडे एकाच आवर्तात शेजारी-शेजारी ठेवायचे. हीलियमचे इलेक्ट्रॉन पहिल्याच कवचात आहेत, मध्ये कोणी नाही. मॅग्नेशियमचे तिसऱ्या कवचात. आवर्त बदललं तर निदान कवचक्रमांकाने भागून बघा: हीलियम १.७, मॅग्नेशियम ०.९५, बेरिलियम ०.९८. आता चित्र जागेवर येतं.

हेही ढोबळच हं. या हिशेबाने हायड्रोजन १ आणि ॲल्युमिनिअम १.१७ येतं, प्रत्यक्षात हायड्रोजनला १३१२ लागतात आणि ॲल्युमिनिअमला ५७८. कवचाच्या आत आणखी भाग असतात, त्यांना उपकवचं म्हणतात (३पी म्हणजे तिसऱ्या कवचातलं पी). स्लेटर एस आणि पी या दोन्ही उपकवचांना एकाच मापाने मोजतो. ॲल्युमिनिअमचा तिसरा इलेक्ट्रॉन ३पी मध्ये, केंद्रकापासून जरा लांब वावरतो, म्हणून मॅग्नेशियमच्या ७३८ वरून आकडा खाली ५७८ ला घसरतो. स्लेटरच्या कोष्टकात ही घसरण दिसतच नाही. दिशा समजून घ्यायला वापरा, निकाल लावायला नको.

शून्यकेल्विन

दिशेपुरतं ठीक. पण पकडीवरून धातू-अधातू ठरतो असं मुलांना सांगितलंत तर एकाच जोडीने ते कोसळतं.

पारा : १००७ किलोज्यूल प्रति मोल.
आयोडीन : १००८.

पकड सारखीच. एक धातू, एक अधातू. पाऱ्याचा इलेक्ट्रॉन काढणं गंधकाचा (१०००) काढण्यापेक्षा किंचित कठीणच आहे. जस्ताला ९०६ लागतात आणि बेरिलियमला ९००, तर बोरॉनला ८०१ आणि सिलिकॉनला ७८७. पकडीच्या क्रमाने रांग लावली तर जस्त सिलिकॉनपेक्षा जास्त अधातू ठरेल.

दुसरी गोष्ट. आयनीभवन ऊर्जा ही एकट्या, वायुरूप अणूची मोजतात. "धातू" हा गुण एकट्या अणूला असतोच कुठे? सोडियमचा एक अणू चकाकत नाही, वीज वाहत नाही, ठोकून त्याचा पत्रा होत नाही. हे सगळं ढिगाचं आहे. म्हणून विचारायचं ते असं: हे अणू एकमेकांजवळ आले की बाहेरचे इलेक्ट्रॉन दोघांच्या मध्ये अडकून पडतात, की सगळ्यांचे होतात?

खडूफळा

ही पारा-आयोडीनची जोडी थेट फळ्यावर जाणार. पण मग ठरतं कशावरून?

नागमोडी

आता दुसरं कारण. याला "आठ वजा" नियम म्हणतात आणि कोष्टक अगदी लहान आहे. एक बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, एक याचा, एक त्याचा. अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पुरं व्हायला जितके कमी, तितके बंध, म्हणजे तितकेच शेजारी.

अरगॉन : ८ − ८ = ० शेजारी. सुटे अणू.
क्लोरीन : ८ − ७ = १. जोडीचा रेणू.
गंधक : ८ − ६ = २. प्रत्येकाला दोन शेजारी, म्हणून साखळी किंवा कडं. नेहमीचं पिवळं गंधक म्हणजे आठ अणूंचं कडं.
फॉस्फरस : ८ − ५ = ३. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार अणूंचा चौफलक, प्रत्येकाला तीन शेजारी.
सिलिकॉन : ८ − ४ = ४. चार शेजारी, चार इलेक्ट्रॉन, हिशेब चोख. हिऱ्याची रचना.

आता ॲल्युमिनिअमवर या. ८ − ३ = ५ बंध हवेत, पण द्यायला इलेक्ट्रॉन तीनच. मॅग्नेशियमला ६ बंध हवेत, गाठीला २. सोडियमला ७ हवेत, गाठीला १. हिशेब बसणं शक्यच नाही. मग अणू बंध मोजणं सोडून देतात आणि जितके जवळ येता येईल तितके येतात. सोडियमच्या स्फटिकात प्रत्येक अणूला ८ लगतचे शेजारी असतात, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनिअममध्ये १२. आठ शेजारी आणि एक इलेक्ट्रॉन! तो कोणा एकाचा होऊन राहणार कसा? पंगतीत पानं बारा आणि लाडू तीन, तसं. वाटून देता येत नाही म्हणून परात मध्ये ठेवावी लागते.

सगळ्यांचा झालेला इलेक्ट्रॉन म्हणजे धातू. वीज वाहते कारण तो कोणाला बांधलेला नाही. ठोकल्यावर पत्रा होतो कारण अणूंचा एक थर दुसऱ्यावर सरकला तरी तुटायला ठरावीक दिशेचा बंधच नाही. गंधकाचा खडा ठोकला की भुगा होतो, कारण कडी एकमेकांना नुसती टेकलेली असतात.

आयोडीन: ७ इलेक्ट्रॉन, १ शेजारी. जोडी जमली, विषय संपला. स्फटिकात जोडीतलं अंतर २७२ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग) आणि शेजारच्या रेणूपर्यंत सुमारे ३५०. पारा: २ इलेक्ट्रॉन, जोडी जुळवून भागणारं नाही आणि शेजारी भरपूर. पकड सारखी असून निकाल वेगळा, तो यामुळे.

चकाकी

आणि हायड्रोजन? १ इलेक्ट्रॉन म्हणजे सोडियमसारखाच दरिद्री.

नागमोडी

दरिद्री नाही. पहिल्या कवचाची क्षमताच २, म्हणून तिथे "आठ वजा" ऐवजी "दोन वजा": २ − १ = १ शेजारी. क्लोरीनसारखाच. इलेक्ट्रॉन किती यापेक्षा रिकामी जागा किती ते बघा. सोडियमच्या एका इलेक्ट्रॉनला ३एस आणि ३पी मिळून आठ जागा, त्यातल्या सात रिकाम्या. हायड्रोजनला एकच रिकामी.

खडूफळा

हे छान बसतंय. पण हीलियमचं याच रीतीने २ − २ = ०, सुटे अणू. कबूल. मग मॅग्नेशियमचंही ३एस भरलेलंच आहे की. तो तरी शेजाऱ्यांच्या भानगडीत का पडतो?

शून्यकेल्विन

धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर इथे आहे. भरलेल्या उपकवचाच्या वर पुढची रिकामी जागा किती उंचावर आहे ते बघायचं. वर्णपटावरून मोजलेले आकडे, एकट्या अणूत एक इलेक्ट्रॉन पुढच्या जागेत ढकलायला लागणारी किमान ऊर्जा:

हीलियम, १एस वरून २एस : १९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूच्या मापाचं ऊर्जेचं एकक).
बेरिलियम, २एस वरून २पी : २.७.
मॅग्नेशियम, ३एस वरून ३पी : २.७.
पारा, ६एस वरून ६पी : ४.७.

हीलियमच्या डोक्यावर गच्ची विसाव्या मजल्यावर आहे. मॅग्नेशियमच्या डोक्यावर पोटमाळा आहे. एकटा मॅग्नेशियम अणू, किंवा वाफेतले दोन, यांना एकमेकांची फारशी गरज नसते. दोघांचा रेणू अगदी कमकुवत असतो. पण बारा शेजारी चहूबाजूंनी खेटले की ३एस ची पातळी फुगून पट्टा होते, ३पी चीही होते आणि दोन्ही पट्टे एकमेकांत शिरतात. भरलेला आणि रिकामा यांत फट उरत नाही. म्हणून मॅग्नेशियम वीज वाहतं. नुसता ३एस चा पट्टा असता तर तो काठोकाठ भरलेला असता आणि मॅग्नेशियम विद्युतरोधक झालं असतं.

पाऱ्याचं अंतर ४.७ म्हणजे बरंच मोठं. केंद्रकात ८० प्रोटॉन, त्यामुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या परिणामाने ६एस आकसून खाली बसतं. पट्टे एकमेकांत शिरतात ते जेमतेम. म्हणूनच पारा −३९ अंशापर्यंत पातळ राहतो आणि तांब्याच्या मानाने फार कमी वीज वाहतो. या जेमतेमपणाचा पुरावाही आहे. साध्या तापमानाला पाऱ्याची घनता १३.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. प्रचंड दाबाखाली १४०० अंशांच्या पुढे तापवत त्याला फुगवत नेलं, की घनता ९ च्या खाली उतरल्यावर धातूपणा जातो. अणू तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच, फक्त शेजारी लांब गेले.

प्रयोगवही

उत्तम चाललंय, पण वर्गात हे दाखवायचं कसं? वाहकतेची नेहमीची जोडणी: ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, लाल एलईडी, दोन मगरचिमटे. प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, एलईडी जळत नाही. तपासायला लोखंडी खिळा, तांब्याची तार, ॲल्युमिनिअमची पट्टी, गंधकाचा खडा, पेन्सिलचं शिसं (म्हणजे ग्रॅफाइट, धातू शिसं नव्हे), लाकडी कोळसा.

कुठे फसतं तेही सांगतो. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार थेट लावली तर दिवा लागत नाही, तिच्यावर इनॅमलचा थर असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. गंजलेला खिळाही असाच फसवतो. ॲल्युमिनिअमची पट्टी ॲनोडाइज केलेली (ऑक्साइडचा जाड थर चढवलेली) असेल तर चिमटा वरवर टेकून भागत नाही, ओरखडा काढावा लागतो. पेन्सिलच्या शिशाने दिवा लागतो आणि वर्गात गोंधळ होतो: "सर, कार्बन तर अधातू!" चुलीतल्या लाकडी कोळशाने बहुधा लागत नाही, कारण तो पुरेशा तापमानाला भाजलेला नसतो, मग मुलं म्हणतात कार्बनने दिवा एकदा लागतो, एकदा नाही.

एलईडी दोन ओहम आणि पन्नास ओहम यांत फरक दाखवत नाही. मल्टिमीटर घ्या. ६बी पेन्सिलचा रोध त्याच लांबी-जाडीच्या एचबी पेन्सिलपेक्षा कमी येतो, कारण ६बी मध्ये ग्रॅफाइट जास्त, माती कमी.

नागमोडी

पेन्सिलचा गोंधळ "आठ वजा" नेच सुटतो. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बनला थरात तीनच लगतचे शेजारी, १४२ पिकोमीटरवर. इलेक्ट्रॉन चार. तीन बंधात गेले, चौथा थरभर सगळ्यांचा. हिऱ्यात चार शेजारी, चौथाही अडकला, ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट. ग्रॅफाइटचे थर एकमेकांपासून ३३५ पिकोमीटरवर असतात, म्हणून वीज थरातून सहज जाते आणि थर ओलांडताना हजार पटींच्या आसपास अडते. एका दिशेने धातूसारखा, दुसऱ्या दिशेने नाही. वाहकता हा एकच गुण. पत्रा नाही, तार नाही, ऑक्साइड आम्लधर्मी. त्याला धातू कोणी म्हणत नाही.

शून्यकेल्विन

प्रयोगवही, "वाहतो की नाही" यापेक्षा "तापवल्यावर रोध वाढतो की घटतो" ही कसोटी जास्त पक्की आहे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळेच असतात, तापवलं की अणू जास्त थरथरतात आणि त्यांची वाट अडवतात, रोध वाढतो. तांब्यात दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. सिलिकॉन-जर्मेनिअममध्ये तापल्यावर नवे इलेक्ट्रॉन फट ओलांडून सुटतात, रोध घटतो.

दाखवायला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब पुरतो. होल्डरबाहेर, थंड असताना मल्टिमीटरने मोजा: ६० ते ७० ओहम येतात. पेटलेला असताना किती? मोजायचा नाही, वीजपुरवठा चालू असताना मीटर ओहमवर ठेवून लावायचा नसतो. हिशेब करायचा: २३० × २३० ÷ ६० = ८८२ ओहम. टंगस्टन तापून रोध तेरा-चौदा पट. शेजारी १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध घटणारा सुटा भाग) मीटरला लावून चिमटीत धरा, आकडा डोळ्यांदेखत उतरतो. बोटांच्या उबेवर हा प्रयोग होतो. (थर्मिस्टर धातूंच्या ऑक्साइडचा असतो, मूलद्रव्य नव्हे, हे मुलांना आधीच सांगा.)

खडूफळा

आता गणात खाली उतरताना काय होतं ते राहिलं. कार्बन ते शिसं, आणि पोलोनियमचे ६.

नागमोडी

मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. १६ व्या गणात खाली या. प्रत्येकाला "आठ वजा सहा", म्हणजे दोन शेजारी हवेत. स्फटिकात जवळचे दोन आणि त्यानंतरचे चार किती लांब आहेत ते बघा, पिकोमीटरमध्ये:

करडं सेलेनियम : २ शेजारी २३७ वर, ४ शेजारी ३४४ वर.
टेल्युरियम : २ शेजारी २८४ वर, ४ शेजारी ३४९ वर.
पोलोनियम : सहाही ३३६ वर.

सेलेनियममध्ये "माझे दोन" आणि "बाकीचे" यांत ढळढळीत भेद आहे. टेल्युरियममध्ये तो पुसट होतो. पोलोनियममध्ये संपतो, सहा शेजारी सारख्याच अंतरावर, म्हणजे कोणीच "माझा" नाही. तिथे धातू झाला. वर्गात आवर्तसारणीवर धातू आणि अधातू वेगळे करणारी नागमोडी रेषा काढून दाखवतो ना, ती रेषा म्हणजे हा भेद पुसला जातो ती जागा. १५ व्या गणात आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ यांच्यातही तीन जवळचे आणि तीन लांबचे असाच प्रकार. बिस्मथपर्यंत फरक कमी होतो पण पुरता जात नाही, म्हणून बिस्मथ धातू असूनही ठिसूळ आणि वीज वाहण्यात कच्चा.

हा भेद का पुसला जातो? खाली उतरलं की अणू मोठे, बंध लांब, म्हणून दुबळे. दोन घट्ट मित्रांपासून मिळणारा फायदा आणि सहा ओळखीच्यांपासून मिळणारा फायदा सारखा व्हायला लागतो.

चकाकी

थोडं अवांतर. कथिल नागमोडी रेषेच्या इतकं जवळ आहे, तर कल्हईचं काय? ऐकलंय की थंडीत कथिल भुसभुशीत होतं.

नागमोडी

अवांतर मुळीच नाही. कथिल दोन्ही घरी जेवतं. पांढरं कथिल धातू: चार शेजारी ३०२ वर आणि आणखी दोन ३१८ वर, घनता ७.३. करडं कथिल हिऱ्यासारखं: चारच शेजारी २८१ वर, घनता ५.८, फट जवळपास शून्य, हाताने चुरडतं. १३.२ अंशांच्या खाली करडं रूप स्थिर, वर पांढरं. दोघांच्या ऊर्जेतला फरक मोलला फक्त २ किलोज्यूलच्या आसपास. तेच चार इलेक्ट्रॉन, पण बंधात अडकायचं की सगळ्यांचं व्हायचं हे इतक्या बारीक फरकावर ठरतं. रूप बदलताना आकारमान २७ टक्के वाढतं, म्हणून वस्तू फुटून पावडर होते.

कल्हईची काळजी नको. १३ अंशांच्या जरासं खाली हा बदल इतका मंद असतो की दिसतच नाही. वेग येतो उणे ३० ते उणे ४० अंशांच्या दरम्यान. शिवाय थोडं बिस्मथ, अँटिमनी किंवा शिसं मिसळलेलं असेल तर तो अडतो. आपल्याकडची कल्हई जाते ती घासून आणि चिंच-आमसुलाच्या आंबटाने.

प्रयोगवही

शिशाची भेसळ मात्र कल्हईत मुळीच नको, ते पोटात जातं. कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा: शुद्ध असेल तर कर्र असा आवाज येतो, स्फटिकांची आतली मांडणी झटक्यात बदलते त्याचा. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर ओढलं तर करडी रेघ उमटते. थोडी भेसळ यातून पकडता येईलच असं नाही, पण नुसतं शिसं विकत असेल तर कळतं.

कल्हई लावताना तापल्या भांड्यात नवसागर टाकतात, तोही याच विषयातला. नवसागर तापून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर खातो, उघडं तांबं मिळतं आणि २३२ अंशांना वितळलेलं कथिल त्याला धरतं. धातू धातूला चिकटतो, ऑक्साइडला नाही. ऑक्साइडमध्ये तांब्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने अडकवून ठेवलेले असतात.

खडूफळा

आणि शिसं? तेही चारचं.

शून्यकेल्विन

शिशात पाऱ्यासारखीच गंमत. ६एस मधली जोडी सापेक्षतेने खाली बसलेली, बंधात भाग घ्यायला नाखूश. म्हणजे व्यवहारात हाताशी ६पी चे दोनच. दोघांत चार बंध होत नाहीत, म्हणून शिसं सरळ १२ शेजारी जमवतं आणि धातू होतं. संयुगांतही त्याची २ ही संयुजा ४ पेक्षा जास्त टिकाऊ, ती याचमुळे.

बोरॉन उलट टोकाला. इलेक्ट्रॉन तीन, जागा चार, म्हणजे "आठ वजा" च्या हिशेबाने धातू व्हायला हवा होता. पण अणू एवढासा आणि पकड ८०१ ची. तो इलेक्ट्रॉन मोकळे सोडत नाही. बारा अणूंचे वीस पैलूंचे पिंजरे करतो आणि एकेक जोडी तीन-तीन अणूंत वाटून घेतो. म्हणून धातुसदृश. दोन्ही कारणं एकत्र बघावी लागतात ती अशी.

चकाकी

म्हणजे शेजारी जबरदस्तीने जवळ आणले तर अधातूचा धातू होईल?

शून्यकेल्विन

होतो. आयोडीन १६ गिगापास्कलच्या सुमारास (वातावरणाच्या दीड लाख पट दाब) धातूसारखं वाहू लागतं, आणि २१ च्या आसपास जोडीचे रेणूच मोडून सगळे शेजारी सारख्या अंतरावर येतात. हायड्रोजनबद्दल विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३५ मध्येच हे भाकीत केलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत धक्क्याने दाबलेला द्रव हायड्रोजन १४० गिगापास्कलला धातूइतका वाहक झालेला दिसला. गुरूच्या पोटात असाच हायड्रोजन आहे आणि त्याचं बलाढ्य चुंबकीय क्षेत्र त्यातूनच येतं.

उलटंही होतं. सोडियम २०० गिगापास्कलला दाबला की पारदर्शक विद्युतरोधक होतो. २००९ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. अणू पाचपट दाबले गेले की आतली कवचं एकमेकांना भिडतात, बाहेरच्या इलेक्ट्रॉनला हिंडायला जागा उरत नाही आणि तो अणूंच्या मधल्या पोकळ्यांत अडकून बसतो. २, ८, १ तेच. पण धातू नाही.

प्रयोगवही

रासायनिक कसोटीपण लिहून ठेवतो: धातूचा ऑक्साइड आम्लारिधर्मी, अधातूचा आम्लधर्मी. मॅग्नेशियमची २ सेंमी फीत चिमट्यात धरून पेटवा, ज्योतीकडे थेट बघू नका, राख बशीत ५ मिली पाण्यात ढवळा. लाल लिटमस निळा व्हायला मिनिटभर लागतो, कारण ऑक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतं; मुलं आधीच "सर, नाही झालं" म्हणतात. हळदीचा कागदही लालसर होतो. पेटत्या फितीवर पाणी टाकायचं नाही, कोरडी वाळू जवळ ठेवा. गंधक मुगाच्या दाण्याएवढंच जाळा, खिडकीजवळ, आणि वर धरलेला निळा लिटमस ओला हवा. कोरडा असेल तर रंग बदलणार नाही. ॲल्युमिनिअम आणि जस्ताचे ऑक्साइड उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारे), ते या प्रयोगात आणूच नका.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. परीक्षेत "सोडियम धातू का?" याला लिहायचं काय? "सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन अष्टक पूर्ण करतो" हेच अपेक्षित असतं.

नागमोडी

ते लिहू द्या, गुण मिळतील. पण "देतो" हा शब्द तोंडी दुरुस्त करा. इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्च होतात, क्लोरीन तो घेताना ३४९ परत करतं, म्हणजे १४७ चा तोटा. मिठाचा स्फटिक रचला जातो तेव्हा सुटणाऱ्या ७८७ तून तो तोटा भरून निघतो. सोडियम खुशीने काही देत नाही.

परीक्षेपुरतं वाक्य हवं तर हे द्या: "सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ आहे. बाह्यतम कवचातील एकमेव इलेक्ट्रॉनवर केंद्रकाचे आकर्षण कमी असते. त्या कवचात बऱ्याच जागा रिकाम्या असल्याने हा इलेक्ट्रॉन एका बंधात न अडकता सर्व अणूंमध्ये सामाईक होतो." तीन वाक्यं, खोटं एकही नाही, आणि तपासनीसाला "२, ८, १" दिसलं की झालं.

चकाकी

हीलियमसाठी शेवटचं वाक्य "त्या कवचात एकही जागा रिकामी नाही, म्हणून अणू सुटेच राहतात" असं केलं की चालेल ना?

नागमोडी

चालेल. फक्त "पुढची रिकामी जागा फार उंचावर आहे" हेही जोडा, नाहीतर मॅग्नेशियमच्या ३एस वरून तोच प्रश्न परत येईल.